नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (लिनक्स सर्व्हर)

सर्व्हरमधले नेटवर्क कार्ड ज्याच्यामार्फत चालते तो लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, भाग. बहुधा तो मॉड्यूलच्या रूपात असतो, म्हणजे चालू कर्नलमध्ये चढवता येतो आणि उतरवताही येतो. इंटेलच्या गिगाबिट कार्डांना ई१०००ई किंवा आयजीबी हा ड्रायव्हर लागतो, रिअलटेकच्या कार्डांना आर८१६९. कोणत्या कार्डावर कोणता ड्रायव्हर बसला आहे ते 'एलएसपीसीआय -के' दाखवते. त्याची आणि फर्मवेअरची (कार्डातच बसवलेल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती 'ईथटूल -आय'ने कळते.

ड्रायव्हर बदलताना खरी जोखीम अंतराची. इंदूरच्या ऑफिसात बसून मुंबईच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर सांभाळायचा, तर त्या यंत्राकडे जाणारी वाट याच कार्डातून जाते. एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कमार्फत दुरून केलेल्या जोडणीवरून, ड्रायव्हर उतरवणारी 'मॉडप्रोब -आर' ही कमांड दिली की कार्ड गप्प होते आणि ड्रायव्हर परत चढवण्याची कमांड तिथवर पोहोचतच नाही. बसल्या फांदीवर घातलेली ही कुऱ्हाड. तिकडे मदतीला कोणी नसेल, तर रात्रीची अवंतिका एक्स्प्रेस पकडावी लागते. म्हणून ड्रायव्हर उतरवणे, चढवणे आणि नेटवर्क सेवा सुरू करणे हे सगळे एकाच स्क्रिप्टमध्ये लिहून ती टीमक्समध्ये, म्हणजे सर्व्हरवरच चालू राहणाऱ्या टर्मिनल सत्रात, चालवतात. जोडणी तुटली तरी स्क्रिप्ट चालू राहते. त्याआधी 'शटडाऊन -आर +१०' देऊन ठेवावे. काम जमले तर 'शटडाऊन -सी'ने ते रद्द करायचे. नाही जमले, तर १० मिनिटांनी यंत्र रीस्टार्ट होऊन पूर्वस्थितीत येते. बदल डिस्कवर लिहिला गेला असेल तर मात्र हा उपाय लागू पडत नाही. याहून भक्कम आधार आयपीएमआय कन्सोलचा (ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून नसलेल्या दूरनियंत्रणाच्या सोयीचा), आणि तोही वेगळ्या पोर्टवर जोडलेला असेल तरच.

मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधले (कंपाइल केले), सहसा त्यालाच चालते. कार्डाच्या कंपनीकडून वेगळा आणलेला ड्रायव्हर त्यामुळे कर्नलच्या प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा बांधावा लागतो. डेलमध्ये सुरू झालेली डीकेएमएस ही व्यवस्था ते आपोआप करते, पण नव्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) हजर हवेत. सिक्युअर बूट (बूट होताना सॉफ्टवेअरच्या स्वाक्षऱ्या तपासणारी सुरक्षा) चालू असेल तर मॉड्यूलवर मान्य स्वाक्षरीही लागते. कर्नलसोबत येणाऱ्या ड्रायव्हरने काम भागत असेल, तर या वाटेला जाऊच नये. जावेच लागले, तर जुना ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करून (आपोआप चढू नये अशी नोंद करून) इनिट्रामएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला कर्नल वापरतो ती छोटी फाइल सिस्टिम, नव्याने बनवावी: डेबियन-उबुंटूवर 'अपडेट-इनिट्रामएफएस -यू', रेड हॅटवर 'ड्रॅकट -एफ'. हे राहून गेले, तर बूट होताना जुनाच ड्रायव्हर आधी चढू शकतो.