करंट रेशो आणि क्विक रेशो: गोदामातल्या साखरेचा पैसा केव्हा होतो?

येत्या वर्षभरातली देणी कंपनी भागवू शकेल का, हे पाहण्यासाठी ताळेबंदातून दोन गुणोत्तरे काढली जातात आणि बोलताना ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. करंट रेशो म्हणजे एकूण चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागून येणारा आकडा. क्विक रेशोसाठी त्याच मालमत्तेतून मालसाठा आणि आगाऊ भरलेले खर्च वगळतात, कारण साठा आधी विकावा लागतो आणि भरलेल्या विमा हप्त्यातून कोणाचे देणे फेडता येत नाही. काही पाठ्यपुस्तके छेदातून बँकेचा ओव्हरड्राफ्टही वगळतात, त्यामुळे तुलनेआधी सूत्र एकच आहे ना, हे तपासावे.

हा फरक किती मोठा असू शकतो, ते साखर कारखान्याच्या ताळेबंदात स्पष्ट दिसते. समजा, 31 मार्चला एका कारखान्याकडे 200 कोटींची साखर, 10 कोटींचे सुटे भाग व इतर भांडारसाठा, 35 कोटींची येणी, 10 कोटींची रोकड आणि 5 कोटींचे आगाऊ खर्च, अशी 260 कोटींची चालू मालमत्ता आहे. समोर 130 कोटींचे मालतारण कर्ज, शेतकऱ्यांची 50 कोटींची ऊसबिले आणि 20 कोटींची इतर देणी आहेत. करंट रेशो 1.3 येतो, क्विक रेशो मात्र जेमतेम 0.23. पहिला आकडा वाचणारा निश्चिंत होईल, पण ऊस कारखान्याला दिल्यावर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, देण्याचे कायदेशीर बंधन ज्याच्या बाबतीत पाळले जायला हवे, त्या शेतकऱ्याला दुसराच आकडा लागू पडतो. साखर तारण असल्याने गोदामाला बँकेचे कुलूप असते, विक्रीच्या पैशातून आधी बँकेची वसुली होते आणि महिन्याला किती साखर विकायची याचा कोटाही केंद्र सरकार ठरवते. साठ्याचे मूल्य खोटे नसते; तो पैसा कारखान्याच्या हाती हव्या त्या दिवशी येत नाही, एवढेच.

याच कारखान्याने वर्षअखेरीस असलेली 10 कोटींची रोकड देणी फेडायला वापरली, तर करंट रेशो 1.32 वर चढतो आणि क्विक रेशो 0.18 वर उतरतो. एकच व्यवहार, आणि दोन गुणोत्तरे उलट दिशांना जातात. गुणोत्तर एकाहून जास्त असताना देणी फेडली की ते वाढते आणि कमी असताना आणखी घटते, म्हणून केवळ मार्चअखेरच्या करंट रेशोवर विश्वास ठेवणे मला धोक्याचे वाटते. शिवाय त्या सुमारास गाळप हंगाम संपत आलेला असल्याने गोदामे भरलेली असतात. सप्टेंबरअखेरचे चित्र पुष्कळ वेगळे असते.

पाठ्यपुस्तकात करंट रेशोसाठी 2 आणि क्विक रेशोसाठी 1 हे प्रमाण सांगितलेले असते. आपल्या बँकांत मात्र 1.33 हा आकडा रुजला, तो बँककर्जांच्या निकषांसाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या टंडन समितीच्या 1975 च्या अहवालामुळे: चालू मालमत्तेचा चौथा हिस्सा दीर्घ मुदतीच्या भांडवलातून यावा, असे तिच्या दुसऱ्या कर्जपद्धतीत होते आणि 100 ला 75 ने भागले की 1.33 येते. तो कर्ज देण्याचा निकष आहे, प्रकृतीचा दाखला नव्हे.

क्विक रेशोही डोळे झाकून स्वीकारू नये. दूध डेअरीचा साठा एक-दोन दिवसांत विकला जात असल्याने तिचा कमी आकडा फारसा चिंतेचा नसतो. उलट सरकारी कामे घेणाऱ्या ठेकेदार कंपनीकडे मालसाठा नाममात्र आणि येणी भरपूर असल्याने तिचा आकडा भरघोस दिसतो, बिले मात्र वर्षानुवर्षे अडकलेली असू शकतात. 2021 मध्ये कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात झालेल्या बदलानंतर करंट रेशो टिपांमध्ये द्यावाच लागतो. क्विक रेशो त्या यादीत नसल्याने वाचकाने स्वतः काढायचा असतो. त्याच बदलाने येणी किती जुनी आहेत याचा तक्ताही सक्तीचा केला. त्यातल्या तीन वर्षांवरच्या रकान्यात मोठी रक्कम दिसली, तर ती वजा करून मी क्विक रेशो पुन्हा मांडतो.