योग आणि ध्यान (आरोग्यसाधना)

आसन, प्राणायाम व ध्यान यांच्या नियमित अभ्यासातून शरीर आणि मन यांचे स्वास्थ्य राखण्याची पद्धती. आज ‘योगा’ म्हटले की आसनेच डोळ्यांसमोर येतात. पतंजलींच्या योगसूत्रांत मात्र आसन आठ अंगांपैकी तिसरे आणि ध्यान सातवे आहे. आसनावर थेट सूत्रे जेमतेम तीन, आणि त्यांतले पहिले, ‘स्थिरसुखमासनम्’, बैठक स्थिर व सुखाची असावी एवढेच सांगते. शरीर किती वाकले पाहिजे याचा तिथे उल्लेखही नाही. आसनांचा विस्तार पुढे हठयोगाच्या ग्रंथांनी केला. घेरंडसंहितेत ती ३२ आहेत.

या साधनेचा खरा सांधा म्हणजे श्वास. स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत (सुमारे १५ वे शतक) ‘चले वाते चलं चित्तम्’ असे म्हटले आहे : श्वास हलला की चित्तही हलते. शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही हे निरीक्षण मोलाचे आहे. हृदयाचे ठोके, पचन, रक्तदाब ही कामे आपल्या हुकुमाविना चालतात. श्वासही तसाच आपोआप चालतो, पण तो हवा तेव्हा आपल्या हाती घेता येतो. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. हे मंदावणे मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या चेतेमार्फत (मज्जातंतूमार्फत) घडते. म्हणून उच्छ्वास लांबवला की हृदयही सावकाश होते आणि धास्तावलेल्या शरीराला थोडी उसंत मिळते. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. हा वेग सहाच्या आसपास आणला, तर श्वासाची लय आणि रक्तदाबातील नैसर्गिक चढउतारांची लय जुळते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र या दोहोंनी श्वास याच गतीवर आलेला दिसला. दोन दूरच्या परंपरा एकाच लयीपाशी पोहोचाव्यात, हे विलक्षण आहे.

योगाला प्रयोगशाळेत आणण्याचे मोठे काम स्वामी कुवलयानंदांनी केले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरणे व दाबमापन वापरून नौली (पोटाचे स्नायू आवळून फिरवण्याची क्रिया) करताना मोठ्या आतड्यात ऋणदाब, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब, निर्माण होतो, हे त्यांनी दाखवले. मुंबईतील योग इन्स्टिट्यूट १९१८ ची, म्हणजे त्याहूनही जुनी.

ध्यानाची रीत सांगायला सोपी आहे. श्वासावर किंवा एखाद्या शब्दावर लक्ष ठेवायचे. ते भरकटले की चिडचिड न करता परत आणायचे. मन भटकले म्हणून ‘मला ध्यान जमत नाही’ असे मानणारे पुष्कळ जण सराव सोडतात. वास्तविक ते परत आणणे हाच सराव आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला आठ आठवड्यांचा तणावनिवारण कार्यक्रम याच तत्त्वावर उभा आहे, आणि रुग्णालयांत ध्यान रुजवण्यात त्याचा वाटा मोठा.

परिणामांबाबत अतिशयोक्ती टाळावी. २०१४ मधील एका मोठ्या आढाव्यात ध्यानामुळे चिंता, नैराश्य व वेदना काहीशा कमी होतात असे आढळले. औषधोपचार किंवा व्यायाम यांहून ते सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. जुनाट कंबरदुखीवर योगाचा उपयोग होतो, आणि अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत त्याचा समावेश आहे. योग आणि ध्यान उपचारांना जोड देतात. त्यांच्या भरवशावर मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन करू नये, कारण त्यात डोळ्यांतील दाब बराच वाढतो. गरोदरपणी व अनियंत्रित रक्तदाबात कपालभाती टाळावी. ध्यानही सर्वांनाच मानवते असे नाही : जुना आघात सोसलेल्यांना डोळे मिटून बसल्यावर कधी अस्वस्थता वाढते, नको त्या आठवणी उसळतात. अशा वेळी नेटाने बसून राहू नये. डोळे उघडावेत, सावकाश चालावे आणि मनोविकारतज्ज्ञांशी बोलावे.