वारेतलं रक्त आणि सत्तर किलोंचा माणूस

आमच्या परभणीकडं बाळंतपण झालं की म्हाताऱ्या बायका आधी विचारतात, "वार पडली का?" वार पडली म्हणजे बाई सुटली. मग वार पुरून टाकायची. त्या वारेत आणि नाळेत बाळाचं चहाच्या कपाएवढं रक्त उरतं, आणि त्यात नवं रक्त घडवणाऱ्या मूळपेशी असतात. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या एका मुलाला त्याच्या तान्ह्या बहिणीचं नाळरक्त दिलं आणि तो बरा झाला.

गेल्या महिन्यात चुलतभावाचा जिंतूरहून फोन आला. त्याच्या थोरल्या भावाला ब्लड कॅन्सर, आणि याची बायको दिवसांत. "बाळाचं नाळरक्त दादासाठी ठेवू का? नाळरक्त साठवणाऱ्या बँकेचा एजंट मागं लागलाय."

नाळरक्ताचा एक गुण खरंच मोठा आहे. त्यातल्या रोगप्रतिकारक पेशी कोवळ्या असतात, परक्या शरीरावर त्या कमी तुटून पडतात. म्हणून एचएलएच्या, म्हणजे शरीर आपलं-परकं ओळखतं त्या पेशींवरच्या खुणांच्या, सहापैकी चार जुळल्या तरी चालतं. अडतं ते मापात. किलोमागं निदान अडीच कोटी पेशी लागतात. दादा सत्तर किलोंचा, म्हणजे पावणेदोनशे कोटी. साठवलेल्या नाळरक्ताच्या बहुतेक पिशव्यांत एवढ्या नसतात. गुंठ्याचं बियाणं एकरभर फेकलं तर उगवण विरळ होते आणि तण माजतं. इथं तण म्हणजे जंतुसंसर्ग. केमोनं आधीचा बोन मॅरो, म्हणजे हाडातली रक्त घडवणारी मज्जा, रिकामा केलेला असतो, नव्या पांढऱ्या पेशी यायला तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात साधा ताप जिवावर बेततो.

यावर अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी दोन बाळांच्या पिशव्या एकत्र द्यायला सुरुवात केली. शेवटी बहुधा एकाच बाळाचं रक्त टिकतं, हे मला फार विलक्षण वाटतं. पुढं पेशी प्रयोगशाळेत वाढवून देण्याची युक्ती निघाली. अशा ओमिदुबिसेल नावाच्या उपचाराला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. चाचणीत पांढऱ्या पेशी साधारण २२ ऐवजी १२ दिवसांत आल्या.

पण तोवर दुसरी वाट रुळली होती. अर्ध्या जुळणाऱ्या नातलगाच्या पेशी द्यायच्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध देऊन त्यातल्या हल्लेखोर पेशी मारायच्या. आई, बाप, पोटचं लेकरू, यांचं निम्मं तर जुळतंच. २०२१ मध्ये आलेल्या एका मोठ्या तुलनेत दोन पिशव्यांच्या नाळरक्तापेक्षा या पद्धतीत जास्त रुग्ण जगले.

बाळाला पुढं स्वतःलाच उपयोगी पडेल म्हणून नाळरक्त साठवायलाही शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते. ल्युकेमियाची, म्हणजे ब्लड कॅन्सरची, बीजं कधी कधी जन्मतःच त्या रक्तात असतात. बाळाच्या सख्ख्या भावंडाला थॅलेसेमियासारखा आजार असेल तर मात्र ते जरूर जपावं.

मी त्याला म्हणालो, "बाळाचं राहू दे. तू दादाचा सख्खा भाऊ, पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. निम्मं जुळायची त्याच्या दुप्पट. आधी तुझी एचएलए तपासणी कर."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझं चालतंय? हे कुणी सांगितलंच नाही. उद्या पहिल्या एसटीनं निघतो."