तुर्कीत काकडी बदनाम कशी झाली
तुर्कस्तानात काकडीला बहुतेक सगळे 'सालातालिक' म्हणतात, म्हणजे सॅलडसाठीची वस्तू. एवढ्याशा काकडीला असलं सरकारी थाटाचं नाव का, तर तिचं जुनं फारसी नाव 'हियार' कधीचंच शिवी होऊन बसलंय. हियार म्हणजे ठोंब्या, चारचौघात कसं वागायचं ते न कळणारा. जुन्या म्हणीत मात्र ती खरीखुरी काकडीच आहे, 'माझ्याकडे हियार आहे म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे मीठ घेऊन धावू नकोस', म्हणजे कोणीही काहीही सांगितलं की लगेच भुलायचं नाही.

बाकीच्या सौम्य शिव्या गोठ्यातल्या नाहीतर लाकडाच्या वखारीतल्या. ओक्यूझ म्हणजे बैल, ओदुन म्हणजे जळाऊ लाकूड, आणि धसमुसळ्या माणसाला 'आयी', म्हणजे अस्वल (आपल्या कानाला वाटतं बिचारा आईला हाक मारतोय). 'माल' तर आपल्या मालमत्तेतलाच अरबी शब्द, पण अनातोलियातल्या खेड्यांत माल म्हणजे गुरंढोरं, कारण शेतकऱ्याची मालमत्ता तीच, म्हणून 'माल माल बघणं' म्हणजे गुरासारखं टकामका बघत बसणं, आणि त्यातूनच माल म्हणजे मठ्ठ.

गाढव अर्थातच आहे, एशेक. 'गाढवाचा पोर गाढव' हे घाईघाईत म्हणून म्हणून त्याचं 'एश्शोलेश्शेक' झालं, आणि बाप लाडात पोराला हे म्हणतो तेव्हा स्वतःची काय किंमत करतोय ते तो बघत नाही. भोळसटाला 'अवानाक' म्हणतात, तो शब्द आर्मेनियन, तिथेही अर्थ गाढवच. 'बुदाला'ची घसरण मला सगळ्यात भारी वाटते, मूळ अरबीत सुफी संतांसाठीचा शब्द, दुनियेची शुद्ध नसलेले फकीर म्हणून तुर्कीत आला आणि शेवटी सरळ 'येडा' झाला, मग ऑटोमन काळात बाल्कनमध्ये पसरला, सर्बियन आणि बल्गेरियनमध्ये आजही वापरतात.

1928 ला लिपी बदलली, 1932 ला भाषेतून अरबी-फारसी शब्द वेचून काढायला संस्था निघाली, पण या शिव्यांना काही धक्का लागला नाही. हायवान अजून आहे, आपला हैवान राक्षस झाला, त्यांचा साधा जनावरच राहिला.

आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला लागणारा 'लान'? ओग्लान म्हणजे मुलगा, त्याचं उलान, त्याचं लान. त्याच ओग्लानवरून पोलंडच्या भालेवाल्या घोडदळाला उलान नाव पडलं. मित्राला म्हटलं तर नुसतं 'अरे', अनोळखी माणसाला म्हटलं तर हात कॉलरपर्यंत जातो.