लष्करातल्या बुवांचं कीर्तन आणि सुतकाचा घोळ

१८१० मध्ये ग्वाल्हेरला शिंद्यांची छावणी पडली तिचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं, मराठी घरं आली आणि त्यांच्याबरोबर कीर्तन. आजही तानसेन समारोह, म्हणजे इथला मोठा संगीत महोत्सव, हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी हरिकथा आणि मिलाद म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीनेच सुरू होतो, तेव्हा इथे कीर्तनाचं स्थान काय ते सांगायला नको.

आमचे कीर्तनकार बुवा आता ७८ चे. आठ वर्षांपूर्वी पत्नी गेल्या तेव्हा काही प्रश्नच आला नाही, तेरावं झालं आणि बुवा पुन्हा गादीवर. गेल्या चैत्रात मात्र पाडव्याला रामनवमीचा उत्सव बसला, पाच कीर्तनं झाली आणि षष्ठीला पहाटे पुण्याहून फोन, मुलगा गेला. नोकरीला जाईपर्यंत तबल्याला तोच बसायचा. बुवांना प्रवास झेपणारा नव्हता, अग्नी नातवाने दिला. आणि तीन दिवसांवर रामनवमी.

आता सुतक हा शब्दच घोळाचा. मुळात सूतक जन्माचं, मराठीत आपण ते मरणाला लावलं आणि जन्माला सोयर किंवा वृद्धी म्हणायला लागलो. मुलगा गेला तर बापाला दहा दिवस, इथवर सगळ्यांचं एकमत. वाद पेटला तो 'प्रारब्धे सूतकं न स्यात्' यावर, म्हणजे काम आधीच सुरू झालं असेल तर सुतक आड येत नाही. पण सुरू झालं म्हणजे नक्की कधी? त्याचंही उत्तर दिलेलं आहे, यज्ञात वरण म्हणजे ऋत्विजाची विधिपूर्वक निवड झाली की, व्रतात संकल्प सोडला की, लग्नात नांदीश्राद्ध, म्हणजे मंगलकार्याआधीचं पितरांचं पूजन, झालं की, श्राद्धात स्वयंपाकाला हात लागला की. कीर्तन त्यात नाहीच! उत्सव मंडळातले काही म्हणे संकल्प देवस्थानाचा, बुवांचा नव्हे. दुसरे म्हणे पाडव्याला नारळ हातात दिला तेव्हाच बुवांचं वरण झालं. मला दुसरं पटतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या बाजूला शास्त्रापेक्षा बुवा बदलायची घाई जास्त होती. खरी अडचण पूर्वरंगानंतरची, म्हणजे कीर्तनातला पहिला, निरूपणाचा भाग संपल्यावरची, तेव्हा बुवांना हार घालून बुक्का लावतात, मग शिवायचं कोणी?

शेवटी तडजोड झाली. हार नाही, बुक्का नाही, कोणी पाया पडायचं नाही, बुवा गादी सोडून बाजूला उभे राहिले आणि आरती पुजाऱ्याने केली. बाराच्या ठोक्याला पाळणा मात्र बुवांनीच म्हटला, सगळी कडवी.

यंदाची पत्रिका छापून आलीये, कीर्तनकाराच्या नावाची जागा कोरी आहे.