मत एका रात्रीत बदलतं का?

२१ डिसेंबर १९८९. रुमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू बुखारेस्टमध्ये भाषणाला उभा राहिला. समोरची गर्दी सरकारनेच जमवलेली होती, आणि त्याच गर्दीने त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरने पळाला. २५ तारखेला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. जवळपास पाव शतकाची सत्ता पाच दिवसांत संपली. एवढ्या थोड्या दिवसांत एका देशाचं मन पालटलं, असं मानणं मला पटत नाही. मनं केव्हाच फिरली होती, ती उघड होणं तेवढं बाकी होतं.

अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांनी पूर्व युरोपातल्या या उलथापालथीबद्दल १९९१मध्ये हेच मांडलं. दडपणाखाली माणूस मनात एक ठेवतो आणि चारचौघांत दुसरं बोलतो. प्रत्येकाला इतरांचं फक्त बोलणं ऐकू येतं, त्यामुळे आपण एकटेच विरोधात आहोत असं ज्याला त्याला वाटत राहतं. एकटं पडण्याची ही भीती जुनीच आहे. फ्रान्समध्ये धर्मावरची श्रद्धा जपणारेही अठराव्या शतकात का गप्प झाले, याचं कारण फ्रेंच विचारवंत तोकव्हिल यांनी १८५६मध्ये हेच दिलं होतं: चुकण्यापेक्षा त्यांना एकाकीपणाची धास्ती जास्त होती.

मग कोंडी नेमकी फुटते कशी? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८मध्ये केलेली मांडणी मला या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची वाटते. शंभर माणसांचा जमाव घ्या. पहिला कुणाचीही वाट न पाहता दंगल सुरू करेल. दुसऱ्याला एकाची सोबत हवी, तिसऱ्याला दोघांची, असं करत शेवटच्याला नव्याण्णव जणांची. इथे सगळे शंभर दंगलीत उतरतात. आता एकच बदल करा: ज्याला एकाची सोबत पुरत होती, त्याला दोघांची हवी असं धरा. दंगल पहिल्या माणसापाशीच थांबते. दोन्ही जमाव जवळजवळ सारखेच, तरी एकाला आपण पेटलेला म्हणू आणि दुसऱ्याला शांत. म्हणूनच असे बदल आधी कुणाला दिसत नाहीत. चळवळ करणाऱ्यांनाही नाही.

उलटंही घडतं: इतरांचा कल कुठे आहे असं वाटतं, त्यामागे खरी मतं जातात. जनमताच्या जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांना १९६५च्या पश्चिम जर्मन निवडणुकीत दिसलं की दोन मुख्य पक्ष कित्येक महिने बरोबरीत होते, पण ‘जिंकणार कोण’ याचा अंदाज मात्र एकाच बाजूला झुकत गेला. अखेरच्या आठवड्यांत मतंही तिकडेच वळली.

अर्थात सगळेच बदल असे दडून राहिलेले नसतात. अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला १९५८मध्ये गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत ४ टक्के लोकांची मान्यता होती, २०२१मध्ये ९४ टक्क्यांची. त्याला साठ वर्षं लागली, पिढ्या बदलल्या.

एकट्या माणसाचं मतपरिवर्तन याहून निसटतं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२मध्ये धर्मांतराच्या अनुभवांबद्दल लिहिलं, की झटक्यात झालेला वाटणारा पालट मनाच्या तळाशी आधीपासून शिजत असतो. १९७३मध्ये गोएथल्स आणि रेकमन या मानसशास्त्राच्या संशोधकांनी शाळकरी मुलांची एका वादग्रस्त वांशिक प्रश्नावरची मतं लिहून घेतली, पुढे चर्चेतून ती फिरवली आणि आधीचं मत आठवायला सांगितलं. मूळ कागद आमच्याकडे आहेत, ताडून पाहू, असंही बजावलं. तरी मुलांनी जुनं मत म्हणून जे सांगितलं, ते नव्या मताकडेच झुकलेलं होतं.