खुराड्याची स्वच्छता (कोकण किनारपट्टी)

खुराड्याची स्वच्छता : कोंबड्यांचा रात्रीचा निवारा कोरडा, हवेशीर आणि दुर्गंधीमुक्त ठेवण्याची पद्धत. कोकणात परसातल्या दहा-पंधरा गावठी कोंबड्या दिवसभर माडा-पोफळींच्या बुंध्याशी उकरत हिंडतात आणि तिन्हीसांजेला खुराड्यात शिरतात. त्यांची बरीचशी शीट बाहेरच पडते. तरीही आषाढ-श्रावणात मागल्या पडवीत पाऊल ठेवताच डोळे चुरचुरतात, कारण तो वास शिटेपेक्षा ओलीचा असतो. हे एकदा ध्यानात आले की झाडू आणि फिनेलच्या आधी काय करायला हवे, ते आपोआप उमगते.

कोंबडी वेगळे मूत्र टाकत नाही. शिटेवर दिसणारा पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्ल. ताज्या शिटेत सुमारे ७० ते ७५ टक्के पाणी असते. ती लवकर सुकली तर फारसा वास येत नाही; ओली राहिली तर जिवाणू यूरिक आम्लाचे विघटन करतात आणि अमोनिया वायू सुटतो. खाली अंथरलेल्या थरात २० ते २५ टक्के ओल असेल तोवर तो भुसभुशीत राहतो. ओल ३० टक्क्यांच्या पुढे गेली की त्याच्या ढेपा होऊ लागतात. हवेत दशलक्ष भागांत २५ भाग अमोनिया झाला की कोंबड्यांच्या डोळ्यांना व श्वासनलिकेला इजा होऊ लागते. हा वायू माणसाच्या नाकाला साधारण त्याच सुमारास किंवा थोडा आधी जाणवतो. शिवाय नाक वासाला लवकर सरावते. म्हणून घरच्या माणसापेक्षा बाहेरून आलेल्याचे नाक अधिक विश्वासाचे, आणि खुराड्याची पारख उभ्याने न करता वाकून, कोंबडीच्या उंचीवर करावी.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी २,००० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दिवसांत काहीही वाळत नाही. त्यात जुन्या घरांतले खुराडे अनेकदा जोत्यात ठेवलेल्या कोनाड्यासारखे असते : तिन्ही बाजूंनी जांभ्याचे चिरे आणि पुढे एक फळी. मुंगूस, रानमांजर आणि साप यांच्यापासून कोंबडी वाचावी म्हणून ते असे बांधले, आणि ती भीती खरीच आहे. पण रात्रभर आत कोंडलेली वाफ दगडात मुरते. जांभा सच्छिद्र असल्याने ओल धरून ठेवतो. अशा खुराड्याच्या वरच्या अंगाला, बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा उंच, दोन समोरासमोरचे झरोके पाडून त्यांना बारीक जाळी ठोकली तर सुरक्षा कमी न होता हवा खेळते. रोज झाडण्यापेक्षाही या एका कामाने जास्त फरक पडतो. समुद्राजवळ खाऱ्या वाऱ्याने साधी लोखंडी जाळी लवकर गंजते, म्हणून जस्ताचा मुलामा असलेली घ्यावी आणि तरीही दरवर्षी तपासावी.

नवे खुराडे बांधायचे तर ते जमिनीपासून हात-दीड हात उंच चौथऱ्यावर किंवा खांबांवर असावे. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे तोंड पूर्वेला ठेवून पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे विणलेले झाप लावतात. तळाला पोफळीच्या रिपा बोटभर फटी सोडून ठोकल्या की शीट खाली पडते आणि राखेचा थर दिलेल्या जमिनीवरून ती रोज ओढून काढता येते. छपराला पत्र्यापेक्षा कौले बरी. रात्री थंड पत्र्याला आतून घाम सुटतो आणि थेंब अंथरणीवर पडतात.

अंथरणीची तजवीज मे महिन्यातच करायची असते. सुकी मासळी, कोकमे, सरपण यांची बेगमी होते, तशीच कोंबड्यांसाठीही व्हायला हवी. भातगिरणीवरचा तूस, लाकडाचा भुसा, नारळाच्या सोडणांचा कुस्करलेला काथ्या आणि चुलीची चाळलेली राख पोत्यांत भरून माळ्यावर ठेवावी. ज्याच्याकडे जुलैत कोरडा तूस शिल्लक आहे, त्याच्या खुराड्याला वास येत नाही. पातेरा, म्हणजे झाडांची गळलेली पाने, हाही चालतो, पण तो करकरीत वाळलेला हवा. पेंढा मात्र पावसाळ्यात टाळावा : तो भिजला की बुरशी धरतो आणि तिच्या बीजाणूंनी पिल्लांना फुप्फुसाचा आजार होतो. थर चार बोटे तरी जाड ठेवून एक दिवसाआड खालवर करावा. ओली ढेप दिसली की तेवढीच काढून टाकून तिथे नवा तूस घालावा.

बरीचशी ओल प्रत्यक्षात पाण्याच्या भांड्यातून येते. गावठी कोंबड्यांना रात्री पाणी लागत नाही, त्यामुळे भांडे खुराड्याबाहेर ठेवणेच चांगले. आत ठेवावे लागलेच तर कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगावे. पिल्ले झाकायची डालगीही आठवड्याला धुऊन उन्हात वाळवावी लागतात. कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण घडवणाऱ्या परजीवीच्या अंड्यांना उबदार, ओलसर जागा मिळाली तर ती एक-दोन दिवसांतच संसर्गक्षम होतात. माशीची पिढी उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत पुरी होते. म्हणून खालचा ढीग आठवड्यातून एकदा तरी हलवला की माश्यांची साखळी तुटते.

वासावरून दोषही ओळखता येतो. नाकात झोंबणारा वास अमोनियाचा, म्हणजे ओल आणि कोंडलेली हवा. नासक्या अंड्यासारखा वास आला तर थराच्या तळाशी पाणी साचून हवा बंद झाली आहे. तिथे वरून तूस टाकून भागत नाही, सगळे उपसावे लागते. किनाऱ्यावर तिसरा वास हमखास असतो तो कुजक्या मासळीचा. माशांची डोकी, कोळंबीची साले कोंबड्यांना घालण्याची रीत चांगली आहे, पण उरलेले त्याच संध्याकाळी उचलायला हवे. मासळीचा मारा फार झाला तर काही कोंबड्यांच्या, विशेषतः तपकिरी कवचाच्या, अंड्यांनाही तो वास लागतो.

चुन्याबद्दल एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ओल्या शिटेवर चुना भुरभुरला की वास जाईल असे वाटते. प्रत्यक्षात चुना अल्कधर्मी असल्याने अमोनिया अधिक सुटतो. चुना खुराडे रिकामे करून, खरवडून, वाळवल्यावर भिंतींना आणि तळाला लावायचा. हे काम मेच्या मध्यावर एकदा आणि पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, दुसऱ्यांदा करतात. चिऱ्यांच्या भेगांत दिवसा लपून रात्री रक्त पिणाऱ्या गोचिडी असतात. त्यांच्यासाठी सुक्या झावळीची पेटती चूड दगडावरून फिरवतात. लाकडी किंवा झापांच्या खुराड्यात मात्र हे करू नये. ब्लीचिंग पावडर शीट असलेल्या जागी टाकल्यास अमोनियाशी संयोग होऊन घातक वायू निघतो. झाडताना नाकातोंडाला फडके बांधावे आणि हात साबणाने धुवावेत. अंगावरच्या उवा-पिसवांसाठी राख आणि कोरड्या मातीचा खड्डा छपराखाली करून दिला की कोंबड्या स्वतःच त्यात लोळतात. खुडूक कोंबडीच्या टोपलीत निरगुडीचा पाला घालण्याची पद्धतही आहे.

काढलेल्या खतात साधारण ३ टक्के नत्र असते, शेणखतापेक्षा कितीतरी जास्त. ताजे घातले तर मुळे करपतात. पातेरा, तूस मिसळून दोन-तीन महिने झाकून कुजवले की वास नाहीसा होतो. मग ते माडाच्या किंवा आंब्याच्या आळ्यात बुंध्यापासून दूर घालता येते. ढीग विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही करू नये, कारण जांभ्याच्या कातळातून पावसाचे पाणी झपाट्याने झिरपते आणि ढिगाचा निचरा थेट पिण्याच्या पाण्यात उतरतो.